चतुःसीमा

चाळीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या,
आपली कधी मोजली नव्हती.
आपली म्हणजे, जी आता आपली नाही.
पूर्व टेनेसीत, डॅबनी ओढ्याच्या वरच्या अंगाला,
१८११ साली विकून टाकलेली.
तिथे सात पिढ्यांपूर्वीचा आमचा हेझकाया स्टॅलर्ड
एक घोडी, दोन पोरं, बायको
आणि उधारीचं मीठ घेऊन आला.

मीठ उधारीचंच होतं.
दुकानदाराच्या वहीत ते अजून फिटलेलं नाही.

व्हीडा आत्या सांगायची,
तो आला तेव्हा इथे काहीच नव्हतं, नुसतं रान.
आणि त्याच दमात सांगायची,
पहिला हिवाळा पोरं
सुकवलेल्या पीचच्या फोडींवर जगली.
आम्ही दोन्ही ऐकलं, जेवणाच्या टेबलावर,
आणि भाकरी पुढे सरकवली.

कोर्टाच्या तळघरातून
व्हर्लीनबाई दप्तर वर आणतात.
आगीतून वाचलेलं. कडा काळ्या,
बोट लावलं की पापुद्रा निघतो.
करयादीत तो स्टॉलर, जमीनखात्यात स्टलर्ट,
एका जागी तर नुसता स्टाल.
कारकुनाने कानाला आलं ते लिहिलं;
वाचता येत नसल्यामुळे
आमचा माणूस प्रत्येक नावाला हो म्हणाला.

बायकोचं नाव फक्त विक्रीखतात.
ऑर्फा.
तिला नवऱ्यापासून वेगळं खोलीत नेलं,
विचारलं, राजीखुशीने देतेस ना?
उत्तर म्हणून एक फुली आहे.
डावी रेघ ठाम, उजवी
अर्ध्यावर थांबून पुन्हा सुरू केलेली.
त्या थांबण्यावर मी भिंग धरून बराच वेळ बसलो.
व्हर्लीनबाई म्हणाल्या, कॉफी घेणार का?

मग मोजणीचा कागद. नोव्हेंबर १७८८.
चतुःसीमा येणेप्रमाणे:
तीन खाचांच्या पांढऱ्या ओकपासून आरंभ,
उत्तरेस ब्याण्णव पोल, ओढ्याकाठच्या सायकमोरपर्यंत,
ओढ्याच्या वळणावळणाने वर,
मग पूर्वेस, जुन्या पीचच्या झाडांपर्यंत,
तिथून सरळ रेषेत आरंभाला.

जुन्या.

हेझकाया त्याच वर्षी मे महिन्यात आलेला.
कोय लावली तर फळ धरायला तीन वर्षं जातात,
आणि एखाद्या झाडाला जुनं म्हणायला किती,
हे मी कोणाला विचारणार.
मी स्वतः मोजणीदार. दस्तात हा शब्द
कधी उगाच लिहिला नाही.
ज्या चेरोकी बाईने ती कोय पुरली
तिचं नाव कुठल्याही दप्तरात चुकीचंसुद्धा लिहिलेलं नाही.
तिची फुलीही नाही.
तिला वेगळ्या खोलीत नेऊन
कोणी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरात टोबिनला घेऊन गेलो.
नातवाला शाळेसाठी वंशवृक्ष हवा होता.
तिथे आता नाताळच्या झाडांची शेती आहे,
रांगेत उभे फर, एका मापाचे.
मालक भला माणूस; म्हणाला, फिरा हवं तिथे,
फक्त फाटक लावून घ्या.
ओक गेलेला, पण त्याचा खड्डा सापडला.
सायकमोर आहे, पोकळ; आत माणूस मावेल.

जुनी मोजणी मी पायी चाललो, यंत्रानेही ताडली.
ती जुळत नाही.
रेषा आरंभाला येऊन मिळायला हवी,
अकरा पोल उघडी राहते,
आणि चूक पीचच्याच कोपऱ्यात आहे.
साखळी धरणारा तिथे थकला असेल,
किंवा फळं खात बसला असेल.
किंवा हेझकाया म्हणाला असेल,
झाडं आतच घ्या की राव.

टोबिनच्या हातात लाल-पांढरी काठी.
आजोबा, इथे?
मी दुर्बिणीतून बघतो. नाही, जरा मागे.
तो मागे सरकतो, फरच्या रांगेत शिरतो.
इथे?
अजून मागे, मी ओरडतो,
अजून.