मागच्या खोलीतला ड्राइव्ह

सोहारच्या वाचनालयात माझं काम चिकटपट्ट्यांचं.
हिरवी म्हणजे विभाग दोन, इथल्या यंत्रावर बिनतक्रार.
पिवळी म्हणजे पाच, आपल्याकडून आलेली;
आत घातली की पडदा काळा आणि एक ओळ,
सभ्यपणे नाही म्हणणारी.
लाल म्हणजे एक: कॅनडाला परतलेला कुणी इंजिनियर
खोकंभर ठेवून गेला,
धड टाकवत नाहीत, धड लावता येत नाहीत.
पांढरी म्हणजे शून्य, कुठेही चालते.
पांढऱ्या पट्टीचं बंडल दोन वर्षांत
अर्धंही संपलेलं नाही.

मागच्या खोलीतल्या संगणकाचा विभाग
पाचदा बदलता येतो. मग तो असेल तिथलाच होऊन बसतो.
चार संधी आम्ही उधळल्या.
पाचवी रहमा जपते, माहेरच्या मेतकुटासारखी,
वासापुरती उघडून.

गुरुवारी परकार आले. बंदरावर क्रेन चालवतात, बावीस वर्षं.
गाव दापोलीकडचं, हर्णैच्या अलीकडे.
शर्टाच्या आतून तबकडी काढली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली,
वर मार्करने: नसीमा, वलीमा, तारीख.
त्या दिवशी एक जहाज अडकलं होतं, एवढंच म्हणाले
आणि तारखेवरून अंगठा फिरवला.

बाहेरच्या यंत्राने घेतली, घुरघुरलं, परत ढकलली.
मी म्हटलं, पाच असणार. शेवटचा बदल हिच्यासाठी करू.
रहमाने हात धरला:
घरी भरलेल्या तबकडीला विभाग नसतो.
बरोबर होतं तिचं. खोट वेगळीच होती.

दापोलीला फोन लावला.
शूटिंगवाला मिन्हाज बहुतेक जेवत होता.
आमच्याकडं तर चालत होती!
मग जरा थांबून: शेवटी बंद करायची राहिली असेल, चाचा.
जागा होती ना शिल्लक, म्हटलं अजून काही भरू.
आणि ज्या मशीनवर भरली ते?
भंगारात. गणपतीच्या आधीच.

बंद न केलेली तबकडी परक्या यंत्राला कोरी वाटते,
हे समजावताना मीच अडखळले.
परकार म्हणाले,
म्हंजे यंत्राच्या लेखी लगीन झालंच नाय?

मागच्या ड्राइव्हला स्वतःला लिहिता येतं.
त्याने उचलली, तिसऱ्या खेपेला.
अकरा मिनिटं, आवाज नाही.
बाईमाणसांकडे कॅमेरा गेलेला नव्हता,
नसीमा कुठेच नाही.
मांडव, चपलांचा ढीग,
जावई म्हणून बराच वेळ दाखवलेला कुणाचा तरी भाचा,
मग धाकटा भाऊ, डेगीपाशी, झारा वर उचललेला,
आणि तिथेच चित्र थिजलं.

परकारांनी खुर्ची पुढे ओढली.
चष्मा वर. चष्मा खाली.
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं, ते मोजून झालं माझं.
मग म्हणाले,
भाताला पानी जास्ती झालंय.
रहमाला सांगितलं मी तिच्या भाषेत.
ती वाकली, पाहिलं, म्हणाली: खरंच की.

खासगी वस्तू वाचनालय ठेवत नाही.
तरी ती आमच्या कपाटात आहे, लाल खोक्यामागे,
कारण खोलीवर नेऊन करू काय, असं त्यांचं म्हणणं.
पट्टी कोणती, यावर रहमाचं नि माझं वाजलं थोडं.
पांढरी लावली, काढली.
शेवटी साधाच कागद, दोन लिप्यांत:
फक्त याच खोलीत चालते.
झाऱ्यापर्यंत.