विंडवर्डच्या भिशीची नवी वही

पहिल्या सभेला चौघं आले,
त्यातला एक पंख्यासाठी.
थॅडियस म्हणाला, बोट रंगवायची राहिलीय,
पटकन सांग.

मी पटकन सांगितलं:
एकच वही, सगळ्यांच्या फोनमध्ये.
पान भरलं की पान बंद,
आणि पुढच्या पानाच्या कपाळावर मागच्याचा ठसा.
कुणी मागचं एक अक्षर हलवलं
तर पुढची सगळी पानं बोंब मारतील.

"म्हणजे विंडवर्डच्या बायका," थॅडियस म्हणाला.
"एकीला सांगा, नोंद सगळ्यांकडे."
ब्रुकलिनच्या अकरा महिन्यांच्या कोर्सात
ब्लॉकचेन इतकी नीट कुणी सांगितली नव्हती.

मग शुक्रवारी जमायला लागलो
ड्यूगल्डच्या शेडमध्ये, अर्ध्या बोटीच्या फासळ्यांखाली,
सीडरच्या भुशात पाय खुपसून.
नातेवाइकांनी पिंपांतून पाठवलेल्या
तांदळाच्या, साबणाच्या मधे गुंडाळलेले जुने फोन,
एकाची काच तडकलेली, एकाचा आवाज गेलेला,
एकात अजून कुणाच्या तरी लग्नाचे फोटो.
नऊ फोन. सात मैलांच्या कारियाकूला
ही साखळी पुरेल असं मला वाटलं.

पाचव्या शुक्रवारी मिस यूफेमिया आली.
एकतीस वर्षं भिशी तिची.
बिस्किटांच्या डब्यात वही, वहीत पेन्सिल,
पेन्सिलीच्या बुडाला रबर.
पैशांबद्दल तिने काहीच विचारलं नाही.
"खोडायचं कसं?"
"खोडता येत नाही," मी म्हटलं,
नवी बोट दाखवताना ड्यूगल्ड म्हणतो तसं,
थेंबभर गळत नाही.
"अजिबात?"
"अजिबात."
तिने डबा उचलला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पायरीवर.
ती तुरीच्या शेंगा सोलत होती.
बोटं न पुसताच तिने पान काढलं:
ऑसबर्टच्या नावापुढे सात हप्ते, सात बरोबरच्या खुणा,
आणि सातही जागी कागद झिजून पातळ.
"ज्या वर्षी समुद्राने त्याला नेलं.
आधी फुल्याच होत्या.
मग मी माझे टाकले, फुल्या काढल्या.
त्याच्या बायकोला अजून माहीत नाही.
तुझ्या वहीत हे कुठे बसतं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि मी गावभर मुठी उघडत फिरत होते.

तीन आठवडे शेडमध्ये नुसती भांडणं.
थॅडियस म्हणे, लपवाछपवी नको म्हणून तर हे सगळं.
ड्यूगल्ड रंधा मारत राहिला.
शेवटी वहीने इतकंच म्हणायचं ठरलं: भरला.
कोणाच्या नावाचा, ते लिहायचं.
कोणी भरला, ते नाही.
थॅडियस दोन शुक्रवार आला नाही,
तिसऱ्याला आला, चाळीस डॉलरचा जुना वाद घेऊन.
यूफेमियाने अंगठा टेकला, फोनला तो कळेना,
शेंगांच्या चिकाने. पुसून पुन्हा टेकला.
जुनी पानं मात्र तिने आत घालू दिली नाहीत.

मग जुलैत वादळ.
शेडचं छप्पर शाळेच्या मैदानात सापडलं,
बिस्किटांचा डबा सापडलाच नाही.
नऊपैकी सहा फोन जिवंत. गाडीच्या बॅटरीवर लावले,
ताडपत्रीखाली ताळा घातला.
जुळलं. शेवटच्या डॉलरपर्यंत जुळलं.
थॅडियसने मला मिठी मारली, मग लाजून
बोट शोधायला गेला.

त्या महिन्याचा हप्ता कोण मागणार होतं?
कुणी मागितला नाही.
तरी शनिवारी सकाळी
ज्यांची घरं उडाली त्या अकरा नावांपुढे
एकामागून एक उमटत गेलं:
भरला. भरला. भरला.
हडर्सफील्डहून असेल, ब्रुकलिनहून,
किंवा दोन वळणं पलीकडून.
साखळीला माहीत नाही.

मी मिस यूफेमियाकडे पाहिलं.
उलट्या बादलीवर बसून ती
पेन्सिलीला टोक काढत होती,
कागद तर गावात कुठेच कोरडा नव्हता.