जवळचा कर्ता

उद्यमनगरात, ग्राइंडिंगच्या दुकानावर माझा क्लास.
सात वाजता खालचं मशीन थांबतं
आणि मला माझाच आवाज ऐकू येऊ लागतो.

दस्तगीर मुल्लाणी मागच्या बाकावर,
नखांत साच्याची काळी वाळू,
खिशात चार घड्यांचा तपासणी रिपोर्ट.
पुण्याहून लॉट परत आला होता.
बत्तीस कास्टिंगं, एकात खोट नाही,
खोट शेवटच्या ओळीत:
नायदर क्रॅक नॉर ब्लोहोल वॉज नॉट फाउंड.
"ह्यात एक नॉट जास्त झालाय म्हणं, मॅडम.
सायबानं लाल गोल केलाय."

मी सांगितलं, नकार नायदरच्या पोटातच असतो,
वरून आणखी नॉट घालायचा नाही.
"आमच्यात ना तडा, ना भोक, कायबी न्हाई,
असं तीनदा म्हणावं लागतंय.
तवा कुठं गिऱ्हाइकाला पटतंय."

मग मी त्यांना पंगतीत नेलं.
पांढऱ्या रश्श्याला एकदा नको म्हटलं
तर वाढपी निदान थबकतो.
नको नको म्हटलं, की वाटी भरलीच.
इंग्रजीचं तसंच. दोन नकार म्हणजे वाढा.
वर्ग हसला. ते हसले नाहीत,
वहीत उतरवून घेतलं: दोन नॉट, म्हंजे वाढा.

पुढचा नियम क्रियापदाचा.
क्रॅक्स पुष्कळ, ब्लोहोल एक, तर वॉज की वेअर?
जो क्रियापदाला खेटून उभा, त्याचं ऐकायचं.
ब्लोहोल जवळ, तर वॉज.
क्रॅक्स जवळ, तर वेअर.
"लांबचा कितीबी मोठा असंना?"
"लांबच्याला कोण विचारतंय," मी म्हटलं,
खडू झटकत, सहज.

त्यांचं पेन थांबलं.
"एक घरचं वाक्य हाय, मॅडम.
थोरला मस्कतला. धाकटी दोघं भिवंडीला.
अम्मीचं डायलिसिस, मंगळवार-शुक्रवार, सीपीआरला.
ना थोरला येतोय, ना धाकटी."
मी फळ्यावर मांडलं.
धाकटे दोन, आणि तेच जवळ, म्हणून कम, कम्स नाही.
वर्गानं एका सुरात सांगितलं. बरोबर होतं.

ते फळ्याकडं बघत राहिले.
"आन् मी?
रिक्षा मी बोलवतो, सुई मी बघतो,
रात्री पाय मी चेपतो.
सगळ्यात खेटून तर मीच हाय.
मी ह्यात कुठं बसतो?"

वीस वर्षं शिकवतेय.
नायदरच्या वाक्यात येणाऱ्याला जागा नसते,
हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.
म्हटलं, पूर्णविराम द्या. नवी ओळ घ्या.
त्यांनी पूर्णविराम दिला,
इतका दाबून, की मागच्या पानावर फोड आला.
नव्या ओळीवर काय लिहिलं
ते मी वाकून पाहिलं नाही.

शुक्रवारी बाक रिकामा.
रिपोर्ट घेऊन मुलगी आली, शिरीन,
अंगावर कॉलेजची बॅग, हातात औषधांची पिशवी.
नायदर द क्रॅक्स नॉर द ब्लोहोल वॉज फाउंड.
नॉट खोडला नव्हता नुसता,
अख्खं पान नव्यानं लिहिलं होतं.

मी विचारलं, चहा घेणार?
दाराकडं बघत ती म्हणाली, नको. नको.
मी कप भरला.