मुदतवाढ

लेनिनाकान, भूकंपानंतरचा दुसरा हिवाळा

आम्ही तेव्हा पत्र्याच्या डब्यात राहत होतो.
मालगाडीवर चढवतात तसला डबा,
एक खिडकी कापून काढलेली, एक शेगडी,
आणि भिंतीवर आतून गोठलेला आपलाच श्वास.

वार्दितेर आली जानेवारीत,
गुडघाभर बर्फातून हातगाडी ढकलत.
गाडीत एकशे बारा पुस्तकं, काही भिजून फुगलेली,
काहींची पाठ मोडलेली,
सगळ्यांच्या पोटात चुन्याची धूळ.
वाचनालयाचं एवढंच उरलं होतं.
एवढंच, आणि तारखेचा शिक्का.

मला हसू आलं, खरं सांगते.
ज्या शहरात शवपेट्या पुरल्या नव्हत्या
तिथं ही बाई बोटाला थुंकी लावून पान उलटते,
जांभळा शिक्का उमटवते आणि वर बजावते:
चौदा दिवस. उशीर झाला तर दंड पडेल.

चौदा दिवस!
उद्या पाव मिळेल का, ते कुणी सांगत नव्हतं.
कचेरीतले म्हणायचे, बघू.
डॉक्टर म्हणायचा, बघू.
घरं कधी बांधणार, तर बघू.
हिच्याकडे मात्र अठ्ठावीस जानेवारी होती,
छापील, जराशी तिरकी.

मला आलं ते मधमाश्यांवरचं.
निवडलं नव्हतं, हाताला लागलं.
थंडीत माश्या काय करतात त्याचं एक प्रकरण:
राणीभोवती गोळा होऊन बसतात,
पंख मिटून नुसतं अंग थरथरवतात,
काठावरच्या आत, आतल्या काठावर,
पाळीपाळीनं.
मी मोठ्यानं वाचलं.
घरात आवाज करणारं दुसरं कुणी नव्हतं.

पत्र्यावर ठकठक झाली.
पलीकडच्या डब्यातला ओनिक न्हावी:
"ते पाळीचं पुन्हा वाच. मध्येच खोकला आला मला."

दुसऱ्या रात्री त्याच्याकडे आणखी कोणकोण येऊन बसलं.
मला दिसत नव्हतं कुणी. खोकल्यांवरून मोजले, चार.
एक बाई असावी, राणी मेली तर काय, असं तिनंच विचारलं.
मी म्हटलं, थांबा, ते पुढं आहे.
आम्ही सगळं वाचलं, मेणाचे भाव,
पोळ्याची मापं,
शेवटची शुद्धिपत्राची पट्टीसुद्धा.

मग एकदा धीर करून तिला सांगितलं,
न्वार्दच्या नावावर तुमचं एक पुस्तक आहे.
बर्फात अडकलेल्या जहाजाचं, निळ्या पुठ्ठ्याचं.
त्या सकाळी तिनं दप्तरात घातलं होतं.
मुलगी सापडली.
दप्तर नाही सापडलं.
दंड किती होतो सांगा, मी भरते.

वार्दितेर काही बोलली नाही.
बुटांच्या खोक्यातून कार्ड काढलं.
इयत्ता तिसरी. पेन्सिलीची सही,
शेवटच्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर गेलेली,
कितीदा सांगितलं होतं, चौकटीत लिही म्हणून.
मला वाटलं, आता लाल रेघ मारणार.
गारठून आखडलेल्या शिक्क्यावर तिनं तोंडाची वाफ सोडली,
दोनदा,
आणि जुन्या तारखेखाली नवी तारीख मारली.
"मुदत वाढवली," म्हणाली. "चौदा दिवस."

दर चौदा दिवसांनी वाढवत राहिली.
कार्ड भरलं तेव्हा त्याला दुसरं कार्ड टाचलं.

पुस्तकांनी दुःख हलकं होतं असं मी कुणाला सांगत नाही.
माझं झालं नाही.
ते ठेवायला रात्री एक फळी मिळायची, इतकंच,
दिवा विझेपर्यंत.

मधमाश्यांचं पुस्तक मी एकदा मुद्दाम
दोन दिवस उशिरा नेऊन दिलं.
तिनं चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडे.
दंड घेतला, चार कोपेक.
पावतीही फाडली.