पथारीशेजारचं मैदान

किल्ली माझ्याकडे आहे, कारण
सुकलाल मास्तर गेल्यावर ती कोणी मागितलीच नाही.
त्यांच्या मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली,
ओट्यावर ठेवली, चार पावलं मागे सरकला.
सोबत शिट्टी. ती मी उकळून घेतली.
अजून वाजवलेली नाही.

नंदुरबारात जानेवारी म्हणजे मिरची.
कुंपणापलीकडे पथारी, डोळ्यांत जाईल इतकी लाल.
वारा इकडचा झाला की अख्खी गल्ली ठसकते.
पूर्वी कोणी मान वर करत नसे.
आता एक ठसका आला तरी
बायांचे हात देठ खुडता खुडता थांबतात.
मिरचीचा, की त्याचा?

भटू रोज दिवेलागणीला गेटाशी येतो.
"आप्पा, कव्हय उघाडशात?"
भरतीचं त्याचं वय पुढच्या दिवाळीपर्यंतच पुरतं.
रमीला पाडवी काही विचारत नाही.
आई पथारीवर, आणि ही कुंपणालगतच्या फुफाट्यात
काठीने रेषा ओढून
समोर कोणी नसताना चढाई करते.
परत येते. पुन्हा जाते.
तिचं कबड्डी-कबड्डी मला जेवतानाही ऐकू येतं.

शनिवारी लिंबाखाली बैठक झाली, खुर्च्या लांब लांब.
विक्रमभाई म्हणाले, दारूचं दुकान कधीच उघडलं,
निवडणुकीच्या गुलालात अंतर कोणी मोजलं होतं?
खरं आहे.
बशीर म्हणाला, बॅडमिंटन सुरू करू, मध्ये जाळी असते.
हसलो सगळे. मंडळाकडे रॅकेट एकच, तीही तार तुटलेली.
डॉक्टर वळवी एवढंच बोलल्या: पंधरा दिवस थांबा.
पंधरा दिवसांपूर्वीही हेच बोलल्या होत्या
आणि तेव्हाही चुकल्या नव्हत्या.

मी बाजार समितीत तीस वर्षं मापाडी होतो.
ओल्या मिरचीचं पोतं नुसतं उचलून
सुकल्यावर किती भरेल ते सांगायचो.
पण इकडच्या पारड्यात भटूचं वय ठेवलं
तर तिकडे काय ठेवू?
जे अजून घडलंच नाही
त्याचं माप कोणत्या काट्यावर करतात?

सगळे सांगतात, साखळी तोडा.
आमच्यात साखळी म्हणजे धरलेले हात.
कोपऱ्यातला गडी ओल्या पंजाने
शेजाऱ्याचं मनगट दाबतो: आता!
मास्तरांनी जन्मभर तेवढंच शिकवलं, हात सोडायचा नाही.
आणि दम.
दम तुटायच्या आत रेषा गाठायची.

सिव्हिलमध्ये त्यांच्या बोटाला चिमटा होता.
चौऱ्याऐंशी, एक्क्याऐंशी, मुलगा फोनवर वाचत गेला,
मी गुणफलक ऐकावा तसा ऐकत राहिलो.
रेषा किती हातांवर होती
ते कोणी सांगितलं नाही.

आमच्या खेळात एक गुण आला
की बाद झालेला गडी
मांडीवरची धूळ झटकत परत आत येतो.
पोरांना वाटतं, सगळीकडे हाच नियम.
मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

काल मी कुलूप काढलं.
गेट उघडायला नाही. तेल घातलं,
किल्ली दोनदा फिरवली, परत लावून टाकलं.
भटूने लांबून पाहिलं आणि सायकल वळवली.
रमीला तेवढ्यात चढाईला निघालेली.
वारा फिरला.
पथारीवरून झोत आला आणि मधेच तिचा दम तुटला,
ठसकली, वाकली,
गुडघ्यांवर हात टेकून तशीच राहिली.
पथारीवरच्या सगळ्या बायांनी वर पाहिलं.
तिच्या आईने तर सूपच खाली ठेवलं.

"मिरची शे!" ती ओरडली, नाक पुसत, हसत.
"मिरचीच शे, आप्पा!"

बाया पुन्हा देठ खुडू लागल्या.
मी जरा वेळ
तिथेच उभा होतो.