कोहळा

यॉर्कटनच्या शोरूमबाहेर चारच गाड्या,
लांब लांब उभ्या केलेल्या,
रिकामी जागा डोळ्यांत भरू नये म्हणून.
नखाएवढी चिप अडलीय म्हणे कुठेतरी, समुद्रापार.

ऑर्व्हिल पेट्रिशिनच्या पिकअपला सात महिने झालेत.
सीटवरचं प्लास्टिक डार्लीननं अजून काढू दिलेलं नाही.
काउंटरवरचा पोरगा आकडा लिहितो,
कागद पालथा घालून सरकवतो.

घेतली त्याहून नऊ हजार जास्त.

आजवर त्यानं गाड्या विकल्या त्या
गंज लपवून, घासाघीस करत, हमरीतुमरीवर येत.
आज समोर भांडायलाच कुणी नाही.
उगाच सांगतो, मागच्या दाराला ओरखडा आहे, कुत्र्याचा.
असू दे.
हीटर उशिरा तापतो.
असू दे हो.

सही. किल्ली. चेकची घडी आतल्या खिशात.
आवळा देऊन कोहळा काढला की पठ्ठ्यानं!

"मग मला दुसरी कधी मिळेल?"
पोरगा भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटतो,
उलटतच राहतो.

बाहेर उणे एकवीस. घर अकरा किलोमीटर.
ऑर्व्हिल हायवेच्या कडेनं चालतोय
अंगठा वर करून.
कुणी थांबलंच
तर आधी विचारणार आहे,
केवढ्याला घेतलीत?