टॅक्सी खाली उभी आहे

रुवीत, क्लॉक टॉवरमागच्या हॉलमध्ये
एसी बंद करून तालीम चालते,
कारण तो घरघरला की खांबेट्यांचं वाक्य मरतं.
मी प्रॉम्प्टर. माझ्याकडे टॉर्च, लिमलेटच्या गोळ्या
आणि एका अमेरिकन माणसाचं नाटक.
शकुननं ते मराठीत आणताना
बाल्टिमोरचं रुवी केलं, बर्फाचं ऊन.
भांडणं तशीच ठेवली.

ऑर्विल ट्रास्क त्याचं नाव.
बाप लाँड्रीवाला. पोरगा पावत्यांच्या पाठीवर
गिऱ्हाइकांची बोलणी उतरवून घ्यायचा.
पुढे रेडिओला विनोद पुरवले, इस्त्रीच्या कपड्यांसारखे,
नगावर.
मग बत्तीस नाटकं, तीन बायका, तिकिटाला रांगा,
आणि पेपरात दर खेपेला तोच शेरा: हलकं आहे.
हलकं! शकुन म्हणते, उचलून बघा की एकदा.
त्यानं जडही लिहून पाहिलं. त्यात बाप मरतो,
लाँड्री विकली जाते.
अकरा प्रयोगांत पडदा पडला.
बाराव्या रात्री म्हणे तो रिकाम्या थेटरात जाऊन बसला
आणि स्वतःच्याच कुठल्याशा वाक्याला
एकटाच हसला.

आम्ही केलं त्यात एवढंच घडतं:
बाईची बॅग भरलेली, टॅक्सी खाली उभी,
आणि दोन अंक ती निघत नाही.
अरबी सारांश घेऊन परवानगीला मीच गेले होते.
सालिम अल-हब्सीनं तो दोनदा वाचला,
शिक्का हवेत धरून हिंदीत विचारलं,
'मीटर चालू है?'
हो म्हटलं.
मी इथे दोन वर्षांसाठी आले होते,
त्याला बावीस झाली.

बुधवारी, दुसऱ्या अंकात, कुणाच्या तरी मोबाइलवर आलं:
ट्रास्क गेला. एक्याण्णवाव्या वर्षी. झोपेत.
खांबेट्यांनी हातातली बशी खाली ठेवली.
दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं.
सवयीनं मी घड्याळावर मोजत होते.
चाळिसाव्या सेकंदाला खांबेट्यांचं पोट वाजलं,
चांगलं लांबलचक,
आणि आम्ही सगळे फुटलो, शकुनसुद्धा, नाक पुसत.
जागा इतकी अचूक
की मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं: हशा.

प्रयोगाला सालिम आला. पहिल्या रांगेत, पांढराशुभ्र,
मराठीचं अक्षर न कळता ताठ बसला.
बशी फुटली तेव्हा हसला नाही.
बाई बॅगेची चेन उघडते, टूथब्रश काढते,
पुन्हा मोरीत नेऊन ठेवते,
तिथे मात्र त्यानं टोपी सारखी केली.
नंतर विंगेत आला, वायरी ओलांडत:
'तो वो गई क्या?'

संहितेत तिथे लिहिलंय, दिवे मंद. बाकी काही नाही.
पानं चाळून पाहिली तरीही.
'खाली बघून सांगते,' म्हटलं,
आणि खरंच जिना उतरले.
रस्त्यापलीकडे एक उभी होती, नारिंगी-पांढरी,
काचा खाली,
ड्रायव्हर डोळ्यांवर रुमाल टाकून झोपलेला.